दुसरी चूल

जयाने शेगडी आणली शनिवारी संध्याकाळी, आणि रविवारी तिच्या धाकट्या दिराची, रोहितची, लग्नाची सुपारी फुटायची होती. यापेक्षा वाईट वेळ हुडकूनही सापडली नसती असं तिच्या सासऱ्यांचं, हैबतरावांचं म्हणणं होतं, आणि या एका बाबतीत तरी म्हातारा चुकत नव्हता.

शेगडी साधीच होती, दोन बर्नरची. मागच्या खोलीत उरवड्याच्या कंपनीतली पोरं भाड्यानं राहायची. ती खोली सोडून गेल्यापासून तिथं कांदे पसरलेले असायचे. जयाने कांदे उचलले, खोली धुऊन काढली, कडप्प्याच्या ओट्यावर शेगडी मांडली आणि नवा तवा, नवं पोळपाट, नवी परात, नवे डबे लावले. घरात इतकी भांडी असताना हा खर्च कशाला, असं शेखरने विचारलं तेव्हा तिने नवऱ्याला उत्तरसुद्धा दिलं नाही. उत्तरं देऊन देऊन ती थकली होती.

एका घरात दोन चुली म्हणजे वाटणी. कासार आंबोलीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पूर्वी लोक धूर मोजायचे, आता कुकरच्या शिट्ट्या मोजतात, इतकाच काय तो फरक. हैबतरावांनी चुलत्यांपासून वेगळं होताना जो तमाशा पाहिला होता, त्यानंतर आपल्या घरात चूल एकच राहील असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तीन बंगलेवाल्यांना जमीन विकली, स्लॅबचं घर बांधलं, पुढच्या गाळ्यात धाकट्याला पिठाची गिरणी टाकून दिली, सगळं बदललं. चूल मात्र एक.

"ती शेगडी उचला," सकाळी आंघोळ करून आल्या आल्या ते म्हणाले. "पाव्हणं भुकूमवरनं निघालं आसतील. घरात पाय ठिवल्या ठिवल्या काय दिसंल त्यास्नी? दोन चुली! म्हणतील, थोरल्यानं वाटणी मागितली. फुटल्या घरात कोण पोरगी दील?"

शेखर बापाकडे बघत होता आणि बायकोकडे बघायचं टाळत होता. कारखान्यात तो चाळीस माणसांवर सुपरवायझर होता. घरात त्याच्या हाताखाली कुणीच नव्हतं.

"आबा, मला गुंठाभर नको," जया म्हणाली. "वाटणी कुणी मागितली? मला फकस्त एक तवा पायजे, गव्हाचं पीठ न लागलेला."

"तवा घासायचा."

"घासला. रोज घासतीया. तवा घासला, पोळपाट घासलं, परात घासली. आन बाजूला आई पोळ्या लाटत्यात, पीठ उडतं, तेच वैशूच्या भाकरीवर बसतं. आता काय हवा घासू?"

वैष्णवी, शेखर-जयाची एकुलती एक, आठ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचं पोट फुगलेलं आणि हातपायांच्या काड्या झालेल्या. वर्गात उंचीनं सगळ्यांत लहान, जिना चढली तरी धाप. जंतांचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, भैरवनाथाला नारळ झाला. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पोटात दुर्बीण घालून आतड्याचा कण काढून बघितला आणि सांगितलं की हिला सीलिॲक आहे. गहू चालणार नाही. कणभरसुद्धा नाही, आणि आयुष्यभर नाही. दुसरं औषध नाही.

घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. विषाचं नाव घेतलं असतं तर ठेवला असता. पण गहू? "एका घासानं काय होतंय!" हे वाक्य जयाने शेजारणीकडून ऐकलं, शाळेतल्या बाईंकडून ऐकलं, सत्यनारायणाचा शिरा हातावर ठेवणाऱ्या गुरुजींकडून ऐकलं. प्रसादाला नाही म्हणणारी बाई म्हणून तिचं नावही झालं. त्या एका घासाने तळमळणाऱ्या पोरीला रात्रभर मांडीवर घेऊन बसायला मात्र यांतलं कुणी येत नव्हतं.

तरी पोर सुधारली होती. गहू थांबला तशी गालावर तकाकी आली, फ्रॉक आखूड झाले. आणि आता गेल्या आठवड्यात रक्तातला आकडा पुन्हा चढलेला निघाला. पोट पुन्हा फुगायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी जयाकडे असं बघितलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "घरात कुणीतरी देतंय," त्या म्हणाल्या होत्या.

"कुणीतरी देतंय तिला," जया आता म्हणाली. आवाज चढवला नाही, पण ती बघत होती ती सासूकडे. "मी शाळेत जाऊन बाईंना विचारलं. डबा ती पुरा खाती, दुसऱ्याचा घेत न्हाई. मंग राहिलं कोण? दिवसभर तिच्यापाशी घरात कोण आसतं?"

चंद्राबाई पुरण वाटत होत्या. हात थांबला नाही. "मी न्हाई दिलं," त्या म्हणाल्या.

"आई, मी भांडत न्हाई. मायेनं दिलं आसंल. पण खरं बोला."

"न्हाई दिलं म्हणलं ना."

"मग कुणी दिलं?"

चंद्राबाई गप्प बसल्या. ते गप्प बसणं जयाला कबुलीसारखं वाटलं. आणि दारात उभ्या असलेल्या हैबतरावांना ते काय होतं ते नेमकं ठाऊक होतं.

*

हैबतरावांना राग येत होता आणि तो नक्की कुणाचा हे कळत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांचा येत होता.

रोज सकाळी घरापुढच्या ओट्यावर चहा पिताना नात मांडीला टेकून बसायची. बशीत बिस्कीट असायचं. पोर बोलायची नाही, नुसती बघायची. माणसानं काय करावं? नातीच्या तोंडासमोर बिस्कीट बुडवून आपणच खावं? दिवाळीनंतर एकदा त्यांनी अर्धं दिलं. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी अख्खं दिलं. "आयला सांगू नको हां," म्हटल्यावर पोर हसली, आणि त्या हसण्यापुढं डॉक्टरीणबाईंचा कागद काय टिकणार होता? एक बिस्कीट. शेतात राबलेल्या माणसाला हे पटणारच नाही की आपल्या हातचं एक बिस्कीट पोरीला आजारी पाडेल.

म्हातारीनं एकदा बघितलं होतं. "आवो, नका देऊ," एवढंच म्हणाली होती. मग पुन्हा बघितलं आणि काहीच म्हणाली नव्हती.

आता बायको बोलणी खात होती. सांगावं का? सांगावंसं वाटलं. पण पाहुणे यायच्या दिवशी, सुनेसमोर, पोरांसमोर? त्यांनी घसा खाकरला आणि भलतंच बोलून गेले.

"हे समदं लवळ्याकडनं आलंय," ते म्हणाले. लवळे म्हणजे जयाचं माहेर. "आमच्या घराण्यात कुणाला गहू बाधलेला मी बघितला न्हाई. ह्या असल्या गोष्टी रगतातनंच येत्यात, डॉक्टरीणबाईच म्हणली."

"झालं सुरू!" बाहेरून आवाज आला. सायली स्कूटर लावून आत येत होती. ती हैबतरावांची मुलगी. शेखरहून धाकटी, रोहितहून मोठी. लवळ्याच्या एका कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवायची, राहायचीही तिकडेच. वर्गातल्या साठ मुलांना जे एका तासात समजतं ते या घरात दीड वर्षात समजलेलं नाही, हे तिचं नेहमीचं दुखणं. "आबा, मी हे किती वेळा सांगितलं?"

"आज सुपारी हाय. आज शाळा नको."

"दोन मिनिटं. शेवटचं सांगते, मग नाही सांगणार." तिने स्टूल ओढलं. "आपल्या शरीरात पहारेकरी असतात. बाहेरून काय आलंय ते त्यांना आपोआप कळत नाही. आपल्या पेशी त्याचा तुकडा पाटावर मांडून त्यांना दाखवतात. तो पाट कसा घडवायचा ते जनुक ठरवतं. बहुतेकांच्या पाटावर गव्हाचा तुकडा नीट बसत नाही. काहींच्या पाटावर तो अगदी घट्ट बसतो. मग पहारेकरी त्याला चोर समजून मारामारी सुरू करतात, आणि मार बसतो आपल्याच आतड्याला."

"मंग पाट बदला."

"बदलता येत नाही! जन्माला येतानाच मिळतो. एक आईकडून, एक बापाकडून."

"तेच म्हणतुया मी. आयकडून."

"वहिनीच्या रक्तात तो पाट नाहीच आहे," सायली म्हणाली. "तपासलंय. दादाच्या आहे."

"शेखर दहा पोळ्या खाऊन वर ढेकर देतो!"

"पाट असला म्हणजे आजार होतोच असं नाही. तीन-चार माणसांत एकाकडे तो असतो. त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो. का होतो ते अजून कुणाला पुरतं माहीत नाही. म्हणून तर सगळ्यांची तपासणी करा म्हणाले होते. तुम्ही रक्त द्यायला तयार नाही."

"मला काय झालंय?"

सायलीने हात जोडले. बापाला नव्हे, छताला.

*

पुरणाचं पातेलं झाकून चंद्राबाई मागच्या नळावर हात धुवायला गेल्या तेव्हा सायली पाठोपाठ आली. दार ओढून घेतलं.

"आई, काल रिपोर्ट आला."

चंद्राबाईंनी नळ बंद केला नाही. महिन्यापूर्वी डोळे दाखवायला म्हणून लेकीबरोबर त्या पुण्याला गेल्या होत्या. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. नातीचं ऐकून सायलीच्या डोक्यात शिरलं होतं की आईचं रक्त जन्मभर कमी, कितीही लोहाच्या गोळ्या खा, चढत नाही. पोट कायम जड. लग्नाचे फोटो सोडले तर अंगावर कधी मांस नाही. आधी रक्त दिलं. मग दुर्बीण घालून घेतली. घशाखाली नळी जाताना आपण उगाच लेकीचं ऐकलं असं वाटलं होतं.

"तुलापण तेच आहे," सायली म्हणाली. "वैशूला आहे तेच. दादाला तो पाट तुझ्याकडूनच आला असणार."

"बरं."

"बरं काय आई! आयुष्यभर तू..."

"पाव्हणं जाऊ दे. मग सांगू तुझ्या आबास्नी."

पदराला हात पुसत त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर धरणापलीकडचं. तिकडं तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी. गहू सणाला दिसला तर दिसला. त्या इकडं लग्न होऊन आल्या आणि सासूबाईंनी मोठ्या दिमाखात सांगितलं होतं, आमच्यात रोज पोळी आसती. दोन वेळा पोळी. त्याच वर्षापासून पोट बिघडलं ते बिघडलंच. पहिला शेखर. मग दोन राहिले नाहीत. एक तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं सहाव्यात, मुलगा होता.

"सायली," त्या म्हणाल्या, "त्या दोघांचं... ते बी यामुळंच का ग?"

सायलीला आईला खोटं सांगता येईना आणि खरंही पुरतं माहीत नव्हतं. "असू शकतं, आई. हा आजार असला की तसं होतं कधीकधी. खात्रीनं कुणीच नाही सांगू शकत आता."

चंद्राबाईंनी मान हलवली. रडू आलं नाही. आला तो संताप, आणि इतक्या वर्षांनी तो कुणावर काढायचा हे त्यांना कळेना. सासू तर कधीच गेली होती.

*

सायलीच्या मागून थोड्या वेळाने त्या परत स्वयंपाकघरात आल्या तोवर भांडण गिरणीपर्यंत पोचलं होतं.

रोहित नव्या शर्टात दारात उभा होता. आपल्या सुपारीच्या दिवशी आपल्याला कुणी विचारत नाही याची त्याला सवय होती, म्हणून एकदम सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून तो घाबरला.

"वैशूचे तांदूळ आपल्या गिरणीत दळतोस?" सायली विचारत होती. "वहिनी तर पुण्याहून पाकिटातलं पीठ आणायची ना?"

"आणत व्हते," जया म्हणाली. "दिवाळीला आबा म्हणले, घरची गिरणी आसताना पीठ इकत आणायची लाज वाटती."

"ताई, भैरवनाथाशपथ," रोहित म्हणाला, "तिचं दळण मी कधी बी गव्हावर टाकलं न्हाई. आधी ज्वारी काढतो, मंग तिचे तांदूळ. ज्वारीवरच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई मी त्या डब्याला."

हे खरं होतं. गिरणीत एका धान्यामागून दुसरं धान्य पडतं आणि आधीच्याचं थोडं पीठ जात्यात राहतंच. म्हणून बायका डबा ठेवतानाच बजावतात, माझं कशावर दळणार ते सांग. बाजरीवर गहू टाकला म्हणून गावात भांडणं झालेली आहेत. रोहितने पुतणीसाठी नियम केला होता आणि तो नेमानं पाळलाही होता.

"आणि ज्वारी कशावर दळतोस?" सायलीने विचारलं.

रोहितने वळून गिरणीकडे बघितलं.

"रोहित?"

"गव्हावर," तो म्हणाला. "दिवसभर गहूच आसतो ना ताई. समद्यांचा गहूच आसतो."

जयाने डोक्याला हात लावला. दिवाळीपासून ती पोरीला स्वतःच्या हाताने भाकरी भरवत होती.

आणि मग हैबतराव सुटले. दोषी सापडल्याचा त्यांना इतका आनंद झाला होता की तो आवाजात मावेना. "आक्कल गहाण टाकली काय रं? पोरीच्या जिवाशी खेळतोस? येवढी गिरणी टाकून दिली, येवढं कळंना? तरी मी म्हणत व्हतो, चुलीचा काय संबंध! झालं, मिटलं. उद्यापासून पीठ पुण्यावरनं आणायचं. शेगडी उचला ती. शेखर, उचल!"

शेखर खरंच उठला. उठायची सवय होती त्याला. जया मागच्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. नवरा-बायको समोरासमोर आले आणि शेखरला काय करावं कळेना. रोहित मान खाली घालून नव्या शर्टाचं बटण चाळवत होता, डोळ्यांत पाणी होतं.

"रोहितला बोलू नका," चंद्राबाई म्हणाल्या.

"तू मधी पडू नको."

"पोरानं चुकून केलं. तुमी चुकून केलं न्हाई." त्यांनी पोळी लाटायचं थांबवून लाटणं पोळपाटावर ठेवलं. "रोज सकाळी ओट्यावर बसून चहात बिस्कीट बुडवून पोरीला कोण देतं?"

हैबतरावांनी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, शेवटी म्हणाले, "एक. एकच बिस्कीट."

"एकच," जया म्हणाली. ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. ओरडायला लागणारी ताकदसुद्धा तिच्यात उरली नव्हती. "मी तिचं ताट वेगळं ठिवते, चमचा वेगळा ठिवते. वाढदिवसाला लेकरू दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघत बसतं तवा मी मोरीत जाऊन रडते. आन तुमी एकच बिस्कीट देता. रोज एकच."

"पोर बघती माझ्याकडं... मला न्हाई बघवत."

"मला बघवतंय का?"

शेखर आईकडे वळला. "तुला ठावं व्हतं? आन बोलली न्हाईस?"

"नवऱ्याचं नाव कसं सांगू तुमास्नी?" चंद्राबाई म्हणाल्या. "चुकलं माझं. जया, तुझ्याशी मी चुकले."

जयाने मान वर केली नाही. माफ करायची तिला अजिबात इच्छा नव्हती, आणि कुणी तशी अपेक्षा केली असती तर ती शेगडीच फेकून मारणार होती.

कोपऱ्यात अडकलेला माणूस जे करतो तेच हैबतरावांनी केलं. आवाज वाढवला. "आसंल चुकलं! पण म्हणून चूल फोडायची? हे आसलं दुखणं ह्या घरात कधी व्हतं का? कुणाला झालं का आजवर? सांगा की, कुणाला?"

"मला," चंद्राबाई म्हणाल्या.

"काय मला?"

"मला हाय. तेच. डोळ्याला गेले न्हवते मी पुण्याला. सायलीनं तपासून आणलंय. शेखरला माझ्याकडनं आलं, शेखरकडनं पोरीला."

हैबतराव हसले. वाईट हसले. "येवढी वर्सं पोळ्या खाल्ल्यास की! मेलीस का?"

"मी न्हाई मेले," चंद्राबाई म्हणाल्या. "माझी दोन गेली."

सायली पुढे झाली, पण आईने हातानेच तिला थांबवलं.

"दुसरं गेलं तवा तुमच्या आईनं वाड्यावस्त्यांवर सांगितलं, पांढऱ्या पायाची हाय, पोटातली खाती. माझ्या तोंडावर म्हणल्या. तुमी खांबाला टेकून बसला व्हता. ऐकत व्हता. एक शबुद बोलला न्हाई. मी म्हणलं, आय हाय, कसं बोलतील. आज जया माझ्या तोंडावर म्हणली, तुमी दिलं आसंल. तुमी दारात हुबं. तुमास्नी ठावं व्हतं कुणी दिलं. आज बी बोलला न्हाई."

हैबतरावांना त्या दिवसाची आठवण होती. ती नव्हती असं त्यांनी इतकी वर्षं धरून चालवलं होतं.

चंद्राबाईंनी हात धुतले. कोपरापर्यंत, साबणाने, नखांतली कणीक काढून. मग पोळ्यांच्या परातीकडे बोट दाखवलं. "निम्म्या झाल्यात. निम्म्या कुणीतरी लाटा. मला आता चालत न्हाई." आणि जयाला ओलांडून त्या मागच्या खोलीत गेल्या. आतून आवाज आला, "जया, तांदूळ कुठल्या डब्यात हायेत ग?"

जया उठून आत गेली. "वरच्या," ती म्हणाली. तिचा आवाज अजून रागावलेलाच होता. "पण हात पुन्यांदा धुवा आई. लुगड्याला पीठ हाय तुमच्या. बदलून या आधी."

सासू मुकाट्याने लुगडं बदलायला गेली.

*

पाहुणे आले तेव्हा सायली पोळ्या लाटत होती आणि रोहित भाजत होता. पुरण तव्यावर सांडून करपल्याचा वास दारापर्यंत येत होता. मुलीचे चुलते दयानंद आणि मुलीची आई तुळजाबाई, दोघेच आले होते. बोलणी पक्की करायची आणि मग बाकीच्यांना बोलवायचं, असं ठरलेलं होतं. मुलीचं नाव रेश्मा, पिरंगुटला एका कंपनीत अकाउंट बघायची.

हैबतरावांनी फेटा बांधला होता. पाणी झालं, चहा झाला. पावसाचं झालं, जमिनीच्या भावाचं झालं. तुळजाबाई हात धुवायला म्हणून मागे गेल्या आणि यायला हव्या होत्या त्यापेक्षा उशिरा आल्या. बसल्या. पदर सारखा केला.

"मागच्या खोलीत बी सैपाक चाललाय जनू," त्या म्हणाल्या. "तुमच्या मंडळी तितंच हायेत."

दयानंदांनी कप खाली ठेवला. सुपारी अजून ताटातच होती.

"ते भाडेकरू..." शेखर घाईघाईने म्हणाला. "कंपनीतली पोरं आसतात भाड्यानं, त्यांची..."

चांगली थाप होती. वेळेवर सुचलेली. हैबतरावांनी नुसतं हूं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सुपारी फुटली असती, पुढचं पुढं बघता आलं असतं. गप्प बसणं त्यांना जमत होतं. मागच्या खोलीतला भांड्यांचा आवाज थांबला. दोघी ऐकत होत्या हे त्यांना कळलं.

"भाडेकरू न्हाई," हैबतराव म्हणाले. "चूल आमचीच हाय. दुसरी."

"म्हंजे वाटणी?"

"वाटणी न्हाई. माझ्या नातीला आन बायकोला गहू चालत न्हाई. पोटाचा आजार हाय, जन्माचा. एकाच तव्यावर भागत न्हाई. म्हणून दुसरी चूल." ते थांबले. घोटभर पाणी प्याले. "रगतातनं येतो हा आजार. रोहितला बी आसू शकतो. त्याचं रगत तपासून घेऊ. माझं बी देतो. निकाल तुमाला दाखवतो, मंग तुमी ठरवा."

शेखर बापाकडे बघत राहिला. स्वयंपाकघरात रोहितने टाकलेली पोळी तव्यावर करपत होती आणि सायलीने ती उलटली नाही.

दयानंद वयाने मोठे, जुने, चार लग्नं जमवलेले. त्यांनी जे विचारायला हवं तेच विचारलं. "आलं कुणाच्या बाजूनं म्हणायचं हे?"

खरं उत्तर हैबतरावांना सकाळीच मिळालं होतं. धरणापलीकडचं घर, बायकोचं माहेर, तिकडचं रक्त. एका वाक्यात हैबतरावांचं घराणं स्वच्छ झालं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

"आमच्याच," हैबतराव म्हणाले. "ह्या घरातलं हाय. सुनेकडनं आलेलं न्हाई, कुणाच्या म्हायरचं न्हाई. आमचं हाय ते."

तुळजाबाईंनी दयानंदांकडे बघितलं. दयानंदांनी फेट्यावरून हात फिरवला. सुपारी ताटात तशीच राहिली.

मागच्या खोलीत जयाने सासूकडे बघितलं. चंद्राबाई डाव हातात धरून उभ्या होत्या, भात उतू जात होता आणि त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते त्या पुसतही नव्हत्या.

"खोटं बोलतंय म्हातारं," त्या म्हणाल्या. "पण बोललं, बाई. बोललं एकदाचं."